पायथन पोलादपुरास नेताना

आजीच्या बोलण्यातले शब्द मी वहीत उतरवून ठेवले आहेत. त्यांतला कोणता किती वेळा येतो हे हाताने मोजता मोजता कंटाळलो, तेव्हा हे काम संगणकाकडून करून घ्यावे असे मनात आले. "बी. ए. वाल्याला ही उठाठेव कशाला?" असे मित्र म्हणालेच. पण त्यासाठी लागणारी पायथन ही भाषा फुकट मिळते. गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली प्रथम लोकांपुढे ठेवली.

घरच्या जुन्या संगणकाला इंटरनेट नाही. म्हणून महाडला फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर घेतली आणि एस. टी. ने पोलादपूर गाठले. फाइल उघडताच संगणकाने चक्क नकार दिला! चूक माझीच. मी सर्वांत नवी आवृत्ती आणली होती; आमच्या यंत्रावर विंडोज ७, आणि त्यावर चालणारी पायथनची शेवटची मालिका ३.८. तीही सर्व्हिस पॅक १ असेल तरच. शिवाय यंत्र ३२ बिटचे की ६४ बिटचे, हे आधी पाहावे लागते. 'कॉम्प्युटर'वर माऊसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडले की हे सारे कळते. दोन मिनिटांचे हे काम न केल्याने माझी एक फेरी फुकट गेली.

दुसऱ्या फेरीस ३.८.१० ची पूर्ण फाइल आणली. ती तीस एमबीच्या आत बसते. 'वेब' असे नाव असलेली छोटी फाइल आमच्यासारख्यांनी घेऊ नये. ती उरलेला माल ऐन वेळी इंटरनेटवरून मागते. या मालिकेची डागडुजी ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली, पण इंटरनेट नसलेल्या यंत्रावर माझे भागते.

पहिल्याच खिडकीत तळाशी 'पाथ'ची चौकट रिकामी असते. तीत खूण करावी. नाहीतर कमांड प्रॉम्प्टवर 'पायथन' लिहिले तरी संगणक ओळख देत नाही. त्या काळ्या खिडकीत माझी देवनागरी मात्र नुसते चौकोन होऊन दिसली. सोबत मिळणारी आयडल ही खिडकी त्यापेक्षा बरी. तिथे प्रोग्रॅम लिहिताही येतो आणि चालवूनही पाहता येतो.

तिथे 'लेन' या आज्ञेने 'पोलादपूर' या शब्दाची लांबी विचारली. उत्तर आले ८. आजीने बोटांवर मोजले: पो, ला, द, पू, र. पाच! युनिकोडमध्ये काना, मात्रा, उकार यांना स्वतंत्र क्रमांक असतात, म्हणून तीन वाढले. शब्द मोजताना याने काही बिघडत नाही; अक्षरे मोजायची तर ही चिन्हे आधीच्या व्यंजनाला जोडून धरणारा प्रोग्रॅम लिहावा लागेल. तो अजून जमलेला नाही. तोवर आजी सांगेल तोच आकडा मी वहीत लिहितो.