धार बारीक झाली, तर लपवू नका

मैत्रिणींनो, आजचा विषय जरा अवघड आहे, पुरुषांच्या लघवीचा. पण घरातल्या दुखण्याची पहिली चाहूल आपल्यालाच लागते, म्हणून तुमच्याशीच बोलते.

समजा, घरधनी ट्रॅक्टरवरून पडले, कमरेखालचं हाड मोडलं. हाड जुळलं, ते चालायलाही लागले. पण लघवीला गेले की लवकर बाहेर येत नाहीत. कुंथावं लागतं, धार बारीक येते, रात्री चारदा उठतात. विचारलं तर म्हणतात, "वय झालं." वय कसलं? हा त्या पडण्याचा परिणाम असू शकतो.

लघवी बाहेर नेणाऱ्या नळीला मूत्रमार्ग म्हणतात. मार लागून ती आतून फाटली की जखम भरताना तिथे वण धरतो. वण आक्रसतो आणि नळी अरुंद होते. सायकलच्या दांडीवर किंवा बांधावर आपटून दोन पायांच्या मध्ये मार बसला, तरी असं होतं. कधी त्रास काही वर्षांनी सुरू होतो. लघवी आत साचून राहिली तर जंतुसंसर्ग होतो, खडे धरतात, पुढे मूत्रपिंडंही बिघडतात.

लेसरच्या शस्त्रक्रियेत कमरेखालचा भाग बधिर करतात, लघवीच्या वाटेनेच दुर्बीण आत घालतात आणि लेसरने वण कापतात. बाहेरून चिरा नाही, टाके नाहीत. काही दिवस लघवीची नळी ठेवतात.

मग लेसर केलं की कायमचं सुटलो का? तसं नाही. कापलेली जागा भरताना पुन्हा वण धरू शकतो, आणि असं पुष्कळांचं होतं. अरुंद भाग दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल आणि पहिलीच वेळ असेल, तर हा उपाय करून बघतात. हाड मोडताना नळी पूर्ण तुटून दोन टोकं वेगळी झाली असतील, तर लेसरचा उपयोग होत नाही. तेव्हा साधारण तीन महिने थांबून, चिरा देऊन टोकं जोडावी लागतात. अरुंद भाग लांब असेल, तर गालाच्या आतली पातळ त्वचा लावून नळी रुंद करतात. वण परत आला म्हणून पुन्हा पुन्हा कापत राहणं बरं नाही.

म्हणून डॉक्टरांना विचारा: औषध सोडून एक्स-रे काढला का? अरुंद भाग किती लांब आहे? पुन्हा झालं तर पुढे काय? जुन्या अपघाताची गोष्ट आठवणीने सांगा. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का, ते त्यांना विचारा.

आणखी दोन गोष्टी. अपघातानंतर लघवीच्या तोंडाशी रक्त दिसलं, तर नळी घालण्याआधीच डॉक्टरांना सांगा. आणि लघवी पूर्ण अडून ओटीपोट फुगलं, तर सकाळची वाट न बघता तडक रुग्णालय गाठा.

पुरुष लाजतील, टाळतील. आज रात्री जेवणं झाल्यावर तुम्हीच विषय काढा.