मोटारीची अग्निपरीक्षा

पावसाळा सरतो, विहिरीवरील पंपाची पुन्हा आठवण होते आणि महिनोन्‌महिने स्वस्थ बसलेल्या मोटारीचे बटण दाबले जाते. वाचकहो, त्या क्षणी बटण दाबणाऱ्याच्या जिवाचे रक्षण कोण करीत असते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? तांब्याच्या तारेवरील व्हार्निशचा पातळ लेप आणि लोखंडी खाचांत बसविलेला रोधक कागद, एवढाच तो पहारा! तो दुबळा झाला, की वीज मोटारीच्या लोखंडी अंगात उतरते. आणि अर्थिंगही सदोष असेल, तर मोटारीला लागलेला ओला हात हीच तिची वाट होते.

म्हणूनच कारखान्यातून निघण्यापूर्वी नव्या मोटारीची कसोटी घेतात. नियम सोपा आहे. मोटारीच्या नियत दाबाची दुप्पट करून तीत १००० व्होल्ट मिळवावयाचे. ४१५ व्होल्टांच्या मोटारीस हा दाब १८३० व्होल्ट होतो. तारेची वेटोळी व लोखंडी अंग यांच्या दरम्यान तो सामान्यतः एक मिनिट ठेवतात. आवरण फुटले नाही, तर मोटार उत्तीर्ण.

मग हीच परीक्षा दरवर्षी का घेऊ नये, असे कोणी विचारील. परंतु एवढा दाब आवरणाला दर वेळी थोडी इजा करून जातो. सीतेच्या अग्निदिव्याप्रमाणे ही परीक्षाही एकदाच शोभते. ग्राहकासमक्ष ती पुन्हा घेणे भागच पडले, तर दाब ८० टक्के, म्हणजे १४६४ व्होल्टच ठेवावा, असा दंडक आहे.

नित्याच्या तपासणीसाठी मेगर हे सौम्य साधन आहे. ५०० व्होल्टांचा एकदिश दाब देऊन ते आवरणाचा रोध मेगोह्ममध्ये दाखविते. हा आकडा एकाच्या खाली असेल, तर मोटार मुळीच सुरू करू नये. सुस्थितीतील आधुनिक लहान मोटारीत तो निदान पाच तरी असावा. मात्र उष्णता दहा अंशांनी वाढली, की रोध सुमारे निम्म्यावर येतो. यास्तव आकड्यासोबत तपमानही टिपून ठेवावे. एका नोंदीपेक्षा वर्षानुवर्षांच्या नोंदी अधिक बोलक्या असतात.

रोध कमी आढळला, तर बहुधा दोष ओलाव्याचा असतो. अशी मोटार आधी वाळवावी व पुन्हा मोजावी. ओल्या वेटोळ्यांवर उच्च दाब देणे म्हणजे वाचू शकणाऱ्या रुग्णास हाताने मारणे होय.

हे काम जाणत्या कारागिराचेच. वीजपुरवठा पूर्ण तोडल्यावाचून ते करावयाचे नसते. आणि परीक्षेनंतरही वेटोळ्यांत भार साठून राहतो, म्हणून ती अर्थिंगला जोडून रिती करावी लागतात. आपले काम एवढेच, की मोटार नव्याने भरून परत आली म्हणजे केवळ ती फिरते की नाही हे पाहून समाधान मानू नये, "मेगरचा आकडा किती?" असे विचारावे आणि तो कागदावर लिहून घ्यावा. त्या एका प्रश्नाने घरातील एखादा जीव वाचू शकेल.