रस्ता वाहनांचा की माणसांचा?

मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांनी ओढलेली पहिली ट्राम धावली ती ९ मे १८७४ रोजी. त्यानंतर बरोबर १५१ वर्षांनी, ९ मे २०२५ रोजी, त्या ट्रामची वारसदार असलेल्या ‘बेस्ट’ने आपले किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपयांवर नेले. तारखेचा हा योगायोग सोडून द्या. धुण्याभांड्याच्या कामासाठी रोज एकदा जाणारी आणि एकदा परतणारी जी बाई महिन्याच्या २६ दिवसांसाठी २६० रुपये मोजत होती, ती आता ५२० रुपये मोजते, हे मात्र सोडून देता येणार नाही. भाडेवाढ टाळता आली असती की नाही, हा वाद आम्ही येथे उकरून काढू इच्छीत नाही. आमचा प्रश्न साधा आहे. दुप्पट पैसे मोजल्यावर तरी त्या बाईला बस वेळेवर मिळते काय?

थांब्यावरची रांगच याचे उत्तर देईल. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी ‘बेस्ट’च्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. आज ती संख्या तीन हजारांच्याही खाली आली असून, त्यांतील बहुसंख्य गाड्या कंत्राटदारांकडून भाड्याने घेतलेल्या आहेत. शहर वाढले, उपनगरे वाढली, खासगी मोटारी आणि दुचाकी तर बेसुमार वाढल्या. घटल्या त्या बसगाड्या. आणि तरीही वाहतुकीची कोंडी का होते, म्हणून आपण समित्या नेमीत बसतो!

आम्ही एके काळी शाळेत त्रैराशिक शिकवीत असू. तेच येथे उपयोगी पडेल. एका बसमध्ये साठ माणसे बसून-उभी जातात. तीच साठ माणसे मोटारींतून निघाली आणि एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर चाळीस मोटारी लागतील. एका मोटारीस, पुढच्या गाडीपासूनचे अंतर धरून, सहा मीटर जागा लागते असे माना. चाळीस मोटारींची रांग २४० मीटर होते. बसची लांबी बारा मीटर. वाहतुकीची कोंडी हे ज्याला कोडे वाटते, त्याने हे गणित पाटीवर एकदा मांडून पाहावे.

दुसरे गणित याहून महत्त्वाचे आहे. एखाद्या मार्गावर दहा बसगाड्या आहेत आणि जाऊन-येऊन ८० मिनिटे लागतात असे समजा. प्रवाशाला दर आठ मिनिटांनी बस मिळेल. कोंडीमुळे हाच फेरा १२० मिनिटांचा झाला, की तेवढ्याच गाड्या, तेवढेच चालक-वाहक आणि तेवढाच खर्च असूनही बस बारा मिनिटांनी येईल. प्रवासी कंटाळतो, हप्त्याने दुचाकी घेतो किंवा रिक्षाची वाट धरतो. त्यामुळे कोंडी आणखी वाढते, उपक्रमाचे उत्पन्न घटते, उत्पन्न घटले म्हणून गाड्या कमी होतात आणि गाड्या कमी झाल्या म्हणून उरलेलाही प्रवासी पाठ फिरवितो. बस तोट्यात जाते ती अशी. मग तोट्याचे कारण सांगून भाडे वाढविले जाते.

या दुष्टचक्रावर आजवर योजलेला उपाय कोणता? उड्डाणपूल आणि सागरी महामार्ग! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातलाच हा प्रकार. मार्च २०२४ मध्ये पहिला टप्पा खुला झालेल्या सागरी किनारा मार्गावर महापालिकेने तेरा-चौदा हजार कोटी रुपये वेचले. त्या मार्गाने अनेकांचा वेळ वाचतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच महापालिकेच्या २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटी रुपयांच्या अंदाजपत्रकात ‘बेस्ट’च्या वाट्याला १,००० कोटी आले. म्हणजे शंभर रुपयांत दीड रुपयाही नव्हे. पूर्वी वीजपुरवठ्याच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघे. २००३ च्या वीज कायद्यानंतर ती वाट हळूहळू बंद होत गेली आणि तिच्या जागी दुसरी भरवशाची तरतूद कोणी केली नाही. रस्त्यावरचा खर्च ही ‘गुंतवणूक’ आणि बसवरचा खर्च हा ‘तोटा’, ही भाषाच आधी बदलली पाहिजे.

आता मेट्रो आली, बसची चिंता कशाला, असे काही जण म्हणतात. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण सुरू झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मेट्रो घराच्या दारात येत नाही. स्थानकापासून घरापर्यंतचा मैल-दीड मैल बसनेच जोडला पाहिजे. नाही तर तेथे रिक्षांची नवी कोंडी उभी राहील.

तेव्हा आमची पहिली मागणी अशी की, मुख्य रस्त्यांवर, निदान गर्दीच्या वेळी, एक मार्गिका केवळ बससाठी राखून ठेवावी. रस्ते अरुंद आहेत, जागा कोठून आणणार, हा आक्षेप आम्ही ऐकून आहो. रस्ता अरुंद म्हणूनच त्याचा वाटा वाहनांच्या संख्येवर नव्हे, माणसांच्या संख्येवर ठरला पाहिजे. केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणात हेच तत्त्व मान्य झाले आहे. जागा हवी असेल, तर कडेला दिवसभर उभ्या असलेल्या मोटारी हटवाव्यात. पुण्याने २००६ मध्येच असा प्रयोग केला; पण मार्गिका अखंड राहिल्या नाहीत, इतर वाहने त्यांत शिरली आणि अखेर बदनाम झाली ती कल्पना. अर्धवट औषध घेऊन वैद्याला दोष देण्यापैकीच हे झाले. दुसरी मागणी ताफा वाढविण्याची आणि त्यासाठी दर वर्षी निश्चित निधी बांधून देण्याची. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर कर बसविला, तेव्हा त्याच दिवशी सुमारे तीनशे जादा बस रस्त्यावर आणल्या. आधी सोय, मग सक्ती, हा क्रम आपणही ध्यानात ठेवावा.

शेवटी एक गोष्ट आमच्या वाचकांस स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. बससाठी मार्गिका राखली की मोटारवाल्यांची गैरसोय होईल. तक्रारीची पत्रे येतील आणि ती बहुधा आपल्याच वर्गातून येतील. कारण बस सोडून मोटारीत बसलेला वर्ग आपलाच आहे. ज्यांचा आवाज अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचतो ते रांगेतून निघून गेले आणि रांगेचे हाल होऊ लागले. वेळेवर येणारी बस आपल्यालाही हवी असेल, तर मोटारीतून जाताना शेजारची मार्गिका मोकळी दिसली तरी तीत न शिरण्याचा संयम आपल्याला शिकावा लागेल. त्या मार्गिकेतून पुढे जाणाऱ्या बसमध्ये साठ माणसे असतील, आणि कामावर वेळेवर पोहोचण्याचा त्यांचा हक्क आपल्याइतकाच आहे.