पोपट आणायचाय? आधी घराकडे बघा

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे करतोय. मोशीहून एका श्रोत्याने पाठवली होती. चाकणला कंपनीत पाळ्यांमध्ये काम, गुरुवारी सुट्टी, घरी दोन मुलं. थोरला आठ वर्षांचा, धाकटी चार. दोघांनी हट्ट धरलाय की पोपट पाहिजे. हिरवा, लाल चोचीचा, ‘विठू विठू’ करणारा. गावाकडे आजोबांकडे होता तसाच. एक ओळखीचा माणूस पिल्लू आणून द्यायला तयार आहे. ‘दादा, घेऊ का?’ एवढाच प्रश्न.

नका घेऊ. आधी हे सांगून टाकतो, मग कारण सांगतो, आणि मग मुलांना काय आणता येईल ते बघू.

आपण ज्याला नुसतं ‘पोपट’ म्हणतो, तो गळ्याभोवती गुलाबी-काळा पट्टा असलेला हिरवा पक्षी, तो भारतातला रानपक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तेव्हापासून हा पोपट अनुसूची २ मध्ये आहे. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पोपट, ज्याला विकणारे ‘पहाडी’ म्हणतात, तोही तिथेच. पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळाच गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आजोबांच्या अंगणातला पिंजरा तेव्हा कुणाला खटकला नसेल, पण आज तेच केलं तर आपलाच पोपट होईल.

बरं, कायदा बाजूला ठेवा. ते पिल्लू येतं कुठून? हा पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, साधारण जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान. पकडणारे ढोलीत हात घालतात, कधी फांदीच तोडतात, आणि पिसंही न फुटलेली पिल्लं पिशवीत किंवा खोक्यात भरून शहरात आणतात. बरीचशी वाटेतच मरतात. आपल्यापर्यंत पोचतं ते त्यातून वाचलेलं एक. विकणारा म्हणतो, ‘साहेब, हाताने भरवलंय, एकदम माणसाळलेलं आहे.’ माणसाळणारच ना, आई-बाप कुठे राहिले त्याला!

अजून एक ऐकायला मिळतं. ‘हा निळा आहे, पिवळा आहे, फॉरेनचा आहे, याला कायदा नाही.’ पिसांचा रंग बदलला म्हणून जात बदलत नाही. मुलांचं घर आहे, या वादात कशाला पडायचं?

मग आणायचं काय? इथे मी जरा सावकाश बोलणार आहे, कारण दुकानात नावांचा गोंधळ फार असतो. ‘लव्हबर्ड’ म्हणून आपल्याकडे जे सर्रास विकतात, ते बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतातच. छोटे, लांब शेपटीचे, हिरवे-निळे-पिवळे, मानेवर लाटांसारख्या रेघा, ते बजरीगर. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, जाड चोचीचे. हा फरक मुलांच्या घरात महत्त्वाचा आहे. बजरीगर चावला तर चिमटा काढल्यासारखं वाटतं. लव्हबर्ड चावला तर चार वर्षांच्या बोटातून रक्त येतं, आणि तो चावतो बरं का.

माझं मत विचाराल तर पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तेव्हा बजरीगरची जोडी. हातात घ्यायला नाही, बघायला. या वयाच्या मुलाला ‘हळू धर’ सांगून उपयोग नसतो, आणि बजरीगरचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. आनंदाने जरा घट्ट दाबलं तरी खेळ खल्लास. पक्ष्याला श्वास घ्यायला छाती हलवावी लागते, छाती आवळली की तो गुदमरतो. हे मुलांना एकदा नीट समजावून सांगा, त्यांना कळतं. आणि बोलण्याची हौस असेल तर ऐका. गिनेस बुकात सर्वांत मोठ्या शब्दसंग्रहाचा विक्रम कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजरीगरच्या नावावर नोंदला गेला होता, १,७२८ शब्द. म्हणजे तुमचा तेवढं बोलेल असं नाही. जोडीत असले की ते एकमेकांशीच गप्पा मारतात, आपल्याशी कमी.

थोरल्यासारखं, सात-आठच्या पुढचं मूल असेल आणि घरात रोज तासभर पक्ष्याजवळ बसणारं कुणीतरी असेल, तर कॉकॅटियल. डोक्यावर तुरा, गालावर केशरी ठिपका. स्वभावाने गरीब. बोलतो कमी, पण नर शिट्ट्या छान शिकतो. एक अडचण आहे. याच्या पिसांतून पांढरी भुकटी पडते, फर्निचरवर थर बसतो. घरात कुणाला दमा असेल तर कॉकॅटियल आणूच नका. भोसरी, चाकणकडे राहणाऱ्या मुलांना धूळ, खोकला आधीच नवीन नाही. डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सन कॉन्युअर रीलमध्ये सगळ्यांना आवडतो, पिवळा-केशरी, उताणा पडून खेळणारा. रीलमध्ये आवाज बंद असतो म्हणून! त्याची किंकाळी चार मजले ऐकू जाते. वाकड किंवा चिखलीच्या सोसायटीत भिंतीला भिंत लागून राहायचं आणि कॉन्युअर पाळायचा म्हणजे शेजाऱ्यांशी वैर. आफ्रिकन ग्रे तर सोडाच. चाळीस-पन्नास वर्षं जगणारा, लहान मुलाइतकं लक्ष मागणारा पक्षी आहे तो.

कागदाचीही गोष्ट आहे. परदेशी पक्ष्यांसाठी केंद्राने २०२४ मध्ये नियम आणले. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतली जात असेल तर परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कॉन्युअर, ग्रे यात येतात. बजरीगर, कॉकॅटियल आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड त्या यादीत नाहीत. दुकानालाही २०१८ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. प्रमाणपत्र मागा, बिल घ्या. बिल देत नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

आता घराकडे. मला वाटतं खरी निवड इथे होते आणि लोक नेमकं हेच शेवटी बघतात.

पहिला शत्रू छताचा पंखा. पक्षी मोकळा सोडलाय आणि मुलाने बटण दाबलं, एवढंच पुरतं. पक्षी बाहेर असताना पंखा बंद, खिडक्या बंद, गॅस बंद. मी म्हणेन बटणावर चिकटपट्टी लावा. दुसरं, नॉनस्टिक तवा. रिकामा तवा जास्त तापला की त्याच्या लेपातून जो वायू निघतो, तो आपल्याला जाणवत नाही, पण पक्षी मिनिटांत मरू शकतो. वन बीएचकेमध्ये किचन आणि हॉल एकच असतो, तिथे लोखंडी तवाच बरा. अगरबत्ती, डासांची कॉइल, रूम फ्रेशनरही पिंजऱ्याजवळ नको.

आणि तिसरी गोष्ट, जी कुठल्याच दुकानात सांगत नाहीत, ती म्हणजे पाळी. पक्ष्याला रोज दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते. दुसऱ्या पाळीहून रात्री बाराला आलात, हॉलमध्ये दिवा, टीव्ही, जेवण, की त्याची झोप मोडली. तिसऱ्या पाळीहून सकाळी येऊन झोपलात तर तेव्हाच त्याची गाणी सुरू. वन बीएचकेमध्ये याला उपाय अवघड आहे. दुसरी खोली असेल तर पिंजरा तिकडे ठेवा. नसेल, आणि पाळ्या दर आठवड्याला बदलत असतील, तर या वर्षी थांबा असंच मी सांगेन.

पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा बघा, पक्षी आडवा उडतो. जोडीसाठी अडीच फूट तरी लांबी, आणि बजरीगरसाठी तारांतलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको. एक बाजू भिंतीला लागलेली असली की त्याला सुरक्षित वाटतं. खायला राळे, बाजरी, जोडीला कोथिंबीर, मेथी, गाजर, मक्याचं कणीस. चॉकलेट, ॲव्होकाडो, चहा, वेफर्स नाही. मुलं प्रेमाने स्वतःच्या ताटातलं भरवतात, तिथे लक्ष ठेवा. मिरचीचं मात्र टेन्शन नाही, पक्ष्यांना तिखट लागतच नाही.

पक्ष्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे आणि पक्ष्याचा पापा घ्यायचा नाही, हे दोन नियम घरात पक्के करा. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला सिटॅकोसिस नावाचा फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. तो रोज होतो असं नाही, पण घरात कुणाला ताप-खोकला लांबला तर ‘घरी पक्षी आहे’ हे डॉक्टरांना सांगा. औषध आहे त्यावर. पिंजरा साफ करताना कागद आधी ओला करा, म्हणजे वाळलेली विष्ठा उडत नाही. हे काम मोठ्यांचं.

पक्षी आजारी असला तरी शेवटपर्यंत लपवतो. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला म्हणजे उशीर होत आलाय. म्हणून पक्षी आणायच्या आधी पक्षी तपासणारा डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर बरेच सापडतात, पक्ष्यांचे मोजके.

आणि ज्यांच्या घरी आधीच हिरवा पोपट आहे, त्यांच्यासाठी. पुण्य म्हणून तो गच्चीवरून सोडून देऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्याला धड उडता येत नाही, खाणं शोधता येत नाही, कावळे-घारी त्याला टिकू देत नाहीत. वनविभागाची हेल्पलाइन आहे, १९२६. तिथे फोन करा. झाडाखाली पडलेलं पिल्लू सापडलं तरी हाच नंबर. आपल्या भागातून बावधन जवळ आहे, तिथे रेस्क्यू ट्रस्ट वन्यप्राण्यांवर उपचार करतो.

मोशीच्या दादांना मी एवढंच कळवलंय, ओळखीच्या माणसाला नाही म्हणा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर, पांगारा फुलला की एका गुरुवारी मुलांना शाळेच्या आधी, सकाळी लवकर बाहेर काढा. थव्याने येतात, फुलांवर लटकतात, गोंगाट करतात. फुकट. बजरीगरचं त्यानंतर ठरवा. पिंजरा कुठे ठेवणार, त्या जागेचा फोटो पाठवा, पुढच्या भागात बघू.