संगणकाचे डोके तापते तेव्हा

नंदुरबार तालुक्यातल्या कोरीट गावी आमचे एक स्नेही राहतात. शेती कपाशीची आणि मिरचीची, घर पुढून पक्के पण मागच्या दोन खोल्यांवर पत्रे. त्यातल्याच एका खोलीत त्यांच्या थोरल्या मुलीने संगणक मांडला आहे. गावातल्या मुलांचे प्रवेशाचे अर्ज, कुणाचा सातबारा, कुणाचा पीकविमा, अशी कामे ती अल्प मोबदल्यात करून देते. गेल्या साली जूनच्या अखेरीस पावसाने ओढ दिली होती. आयटीआयच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता आणि दुपारी दोनच्या सुमारास संगणक आधी रेंगाळू लागला, मग पटकन बंद पडला. दहा मिनिटांनी सुरू झाला, पाच मिनिटांत पुन्हा बंद. असे चारदा झाले. शेजारच्या एका मुलीचा अर्ज अर्धवट राहिला, तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराला फोन केला. त्याने यंत्र न पाहताच निदान केले की प्रोसेसर गेला, आता नवा संगणक घेतलेला बरा. आकडा ऐकून घरात शांतता पसरली. आजीने मात्र सोपा इलाज सांगितला, ‘त्याले वलं फडकं गुंडाय ना बेटी!’ सगळे हसले. पण खरे सांगायचे तर दुकानदारापेक्षा आजी दुखण्याच्या जास्त जवळ होती. आणि मुलीचे वडील, ज्यांनी आयुष्यात संगणकाला हात लावला नव्हता, त्यांनी विचारले, ‘याला रेडिएटर असतो का? तो कधी साफ केला होता?’

असतो. आणि तीन वर्षांत कधीही साफ केलेला नव्हता.

हा प्रसंग येथे मुद्दाम सांगितला, कारण आता संगणक ही काही शहरातल्या कचेरीतली वस्तू राहिलेली नाही. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी वाटले गेले ते याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी. घरात ट्रॅक्टर असेल तर त्याचे तेलपाणी आपण जाणतो. तसे संगणकाचेही जाणले पाहिजे.

प्रथम प्रोसेसर म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या पेटीत एक मोठी हिरवी वा काळी पाटी असते, तिला मदरबोर्ड म्हणतात. तिच्या मध्यावर बिस्किटाएवढी चौकोनी चकती बसवलेली असते, तो प्रोसेसर. सगळे हिशेब तोच करतो. तो काही विचार करीत नाही. दिलेला हुकूम उचलायचा, समजून घ्यायचा, बजावायचा आणि पुढचा उचलायचा, एवढेच त्याचे काम. परंतु हे काम तो सेकंदाला अब्जावधी ठोक्यांच्या गतीने करतो. ‘तीन गिगाहर्ट्झ’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ सेकंदाला तीन अब्ज ठोके.

रात्री पाण्याची पाळी आली की आपण शेतात दारे धरतो. या सरीचे दार फोडायचे, त्या सरीचे बांधायचे. प्रोसेसरच्या पोटातही अशीच दारे असतात, फक्त पाण्याऐवजी विजेची. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. १९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ नावाचा पहिला प्रोसेसर बाजारात आणला, त्यात अशी सुमारे २,३०० दारे होती. आजच्या प्रोसेसरात ती अब्जांच्या हिशेबात असतात आणि सारी मिळून नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर. प्रत्येक दार उघडताना आणि मिटताना थोडी वीज खर्ची पडते आणि त्या विजेची उष्णता होते. एका दाराची उष्णता नगण्य, पण अब्जावधी दारांची मिळून ती किती होईल?

साध्या घरगुती संगणकाचा प्रोसेसर जोराच्या कामात ६५ वॅटच्या आसपास वीज घेतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आठवा. जळत असताना त्याला हात लावायची छाती नव्हती. ती उष्णता मोठ्या काचेवर पसरलेली असे. इथे तेवढीच उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर पडायची असते. म्हणून प्रोसेसरच्या डोक्यावर पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा आणि त्यावर पंखा बसवतात. हाच संगणकाचा रेडिएटर. ठोकळा ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा असतो, कारण हे धातू उष्णता झटकन पुढे नेतात. पाती अनेक असतात, कारण हवेला जितकी जास्त जागा शिवेल तितकी उष्णता ती घेऊन जाईल. काही महागड्या ठोकळ्यांत तांब्याच्या बंद नळ्या असतात. त्यांच्यात थोडेसे पाणी असते आणि आतली हवा काढून घेतलेली असते. त्यामुळे ते पाणी कमी उष्णतेवरच वाफ होते, वाफ थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि परत येते. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवले की आतून पाणी गळते, तोच प्रकार.

आता आजीच्या ओल्या फडक्याकडे येऊ. माठ गार होतो तो पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते म्हणून. त्यामुळे माठातले पाणी घरातल्या हवेपेक्षाही थंड होते. पंख्याला हे जमत नाही. तो फक्त गरम पात्यांवरची हवा बदलतो, म्हणून प्रोसेसर खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. उलट खोली जितकी तापेल, जवळजवळ तितकाच तोही वर चढतो. समजा खोलीत २५ अंश असताना तो कामाच्या भरात ७० अंशांवर राहतो. त्याच खोलीत पत्र्याखाली ४३ अंश झाले की तोच प्रोसेसर ८८ च्या घरात जातो. बहुतेक प्रोसेसरांची सहन करण्याची हद्द १०० अंशांच्या आसपास असते. हद्द जवळ आली की तो आपणहून मंदावतो, आणि तरीही तापत राहिला तर जीव वाचवण्यासाठी यंत्र बंद पाडतो. कोरीटच्या संगणकाने नेमके हेच केले होते. लक्षात ठेवा, दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतर जो संगणक पुन्हा चालतो, त्याचा प्रोसेसर बहुधा मेलेला नसतो. ओले फडके मात्र कदापि गुंडाळू नका. पाणी आणि वीज यांचे वैर आजीलाही ठाऊक आहे, तिला फक्त आत वीज आहे हे ठाऊक नव्हते.

या तापाने थोरामोठ्यांनाही छळले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली आपल्या देशात तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. ज्यांनी व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की एका रेडिओतले चार-पाच व्हॉल्व्हसुद्धा पेटी किती गरम करतात! पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या क्रे कंपनीचे महासंगणक नावाजले. त्यांच्या १९८५ च्या क्रे-२ या यंत्राच्या पाट्या वीज न वाहणाऱ्या एका खास द्रवात चक्क बुडवून ठेवलेल्या असत. भारताला हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे होते, हे मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातले. १९९१ साली त्यांनी परम ८००० हा महासंगणक दाखवला. एकच अवाढव्य प्रोसेसर न बनवता पुष्कळ लहान प्रोसेसर त्यांनी एका कामाला जुंपले. इर्जिक घालून एका दिवसात शेत उरकावे, तशीच ही युक्ती. आणि पुण्याच्याच आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या परम ब्रह्म या यंत्रात तर थंड द्रव नळ्यांतून थेट प्रोसेसरच्या माथ्यापर्यंत नेलेला आहे. आपल्याला एवढे करायची गरज नाही. आपला शत्रू साधा आहे, धूळ.

कोरीटच्या पेटीचे झाकण उघडले तेव्हा पंख्याखाली धातूची पातीच दिसेनात. कपाशीचे तंतू आणि धूळ मिळून राखाडी नमद्यासारखा थर बसला होता. घरात कापूस साठवला जातो, अंगणात मिरची वाळते, मग दुसरे काय होणार? गोधडीची ऊब कापडाची नसते, तिच्यात अडकलेल्या हवेची असते. पात्यांवर बसलेला थर ही प्रोसेसरवर घातलेली गोधडीच.

साफसफाई अशी करावी. संगणक बंद करून भिंतीतली पिन काढा. मग पेटीचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. रंगवायचा मऊ कोरडा ब्रश घ्या, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा आणि हळूहळू धूळ सोडवा. पंखा धरायचा तो अशासाठी की वाऱ्याने तो भरमसाट फिरला तर बिघडतो. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार जातात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा मोह पुष्कळांना होतो, पण त्याच्या हवेबरोबर पाण्याचे आणि तेलाचे थेंब येतात. मी तरी तो वापरू देणार नाही.

एवढ्याने काम भागले नाही, तर दोष लेपाचा असतो. प्रोसेसर आणि ठोकळा दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खळगे असतात आणि त्यांत हवा राहते. तांबे हवेपेक्षा सुमारे १५,००० पट चांगले उष्णता नेते, यावरून हवा किती आळशी ते समजा. ते खळगे भरण्यासाठी थर्मल पेस्ट नावाचा लेप लावतात. काही वर्षांनी तो वाळून खपली धरतो. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापडाने पुसावा आणि मध्यावर वाटाण्याच्या दाण्याएवढा नवा ठेवावा. ठोकळा दाबला की तो आपोआप पसरतो. ‘जरा जास्त लावू’ हा विचार इथे घातक आहे. लेप हवेपेक्षा चांगला असला तरी धातूपेक्षा पुष्कळ वाईट, तेव्हा तो खळग्यांपुरताच हवा.

ठोकळा काढताना घाई करू नका. काही प्रोसेसरांना खाली शेकडो बारीक पिना असतात, काहींच्या पिना खाचेत असतात. पहिल्या जातीत वाळलेल्या लेपामुळे प्रोसेसर ठोकळ्याला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी यंत्र दहा मिनिटे चालवून लेप मऊ करावा, मग वर सांगितल्याप्रमाणे वीज तोडावी आणि ठोकळा डावी-उजवीकडे किंचित पिळत सोडवावा.

नवा प्रोसेसर बसवायचा प्रसंग आलाच, तर आधी मदरबोर्डला कोणता चालतो याची खात्री करा. दुकानात पेटीच घेऊन गेलेले उत्तम. हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करा. कोरड्या दिवसांत नायलॉनचे कपडे चटचट वाजतात, ती वीज आपल्याला गुदगुल्या करते पण प्रोसेसरचा जीव घेते. चकती कडेने धरावी, पिनांना बोट लावू नये. तिच्या एका कोपऱ्यावर बारीक त्रिकोण असतो, तसाच खाचेवर असतो. तरफ उचलून दोन्ही त्रिकोण जुळवले की चकती स्वतःच्या वजनाने बसते. दाबावी लागली तर समजावे की काहीतरी चुकले आहे. मग तरफ खाली आणावी. तिला थोडा जोर लागतो, तेव्हा घाबरू नये. ठोकळ्याचे चार स्क्रू ट्रॅक्टरच्या चाकाच्या नटांप्रमाणे समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्यावेत. नव्या ठोकळ्याच्या तळाशी कधी प्लास्टिकची पातळ झिल्ली असते, ती काढायला जाणतेही विसरतात. आणि शेवटी पंख्याची वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागी जोडायची.

पेटी कुठे ठेवावी? जमिनीवर नाही, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला टेकून नाही. मागे वीतभर जागा असावी. चालू असताना प्लास्टिकचे झाकण घालू नये. गवताच्या जाळ्यांचा कूलर खोलीत असल्यास चांगलेच, फक्त त्याचा ओला झोत थेट पेटीवर नको. जड कामे सकाळी उरका. आणि अर्थिंग! उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात अधूनमधून दोन घागरी पाणी ओतत जा. ओले फडके नाही, तरी आजीच्या पाण्याला इथे जागा आहे.

कोरीटच्या संगणकाला दुसरे काही लागले नाही. लेपाची एक नळी आणली, रविवारची सकाळ गेली. साफसफाईपूर्वी त्याच्या पडद्यावर प्रोसेसरचा आकडा ९४ दिसत होता, नंतर भर दुपारी ७१ च्या वर गेला नाही. मुलीच्या वडिलांनी ट्रॅक्टरच्या सर्व्हिसच्या वहीतच एक पान संगणकासाठी राखले आहे. कापूस घरात येण्याआधी एकदा आणि होळीनंतर एकदा, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ज्या शेजारच्या मुलीचा अर्ज राहिला होता, तिला पुढच्या फेरीत प्रवेश मिळाला. पण तिला इलेक्ट्रिशियन व्हायचे होते, ती जागा तोवर भरली होती. ती आता शिवणकाम शिकते आहे.