मोटारीच्या पोटास कोणता लेप द्यावा?

बैलगाडीस ओंगण घालण्याची शिकवण आपल्याकडे बापाकडून मुलाकडे येत आली. मोटारीच्या पोटास काय लावावें, हें मात्र सहसा कोणी शिकवीत नाहीं. हळदीच्या पैशांवर घेतलेली पिकअप वरून नित्य पुसली जाते आणि खालीं मुकाट्यानें गंजत असते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. जमीन मात्र दोहोंकडे तीच, काळी, चिकण व भेगाळणारी. वसमत, कळमनुरी वा औंढा नागनाथाकडील पाणंदींतून पावसाळ्यांत गाडी आणली म्हणजे हा चिखल चाकांवरील कमानींत थापला जातो. मातींतील चिकण अंश ओलावा धरून ठेवितो. त्यामुळें वरचा पत्रा वाळला तरी थराखालील लोखंड कित्येक दिवस ओलेंच राहतें. त्याच गाडींतून खताचीं पोतीं वाहिलीं असल्यास अधिकच वाईट. म्युरिएट ऑफ पोटॅशमध्यें वजनानें निम्म्याच्या जवळपास क्लोराइड असतें, व तें गंजास मिठाप्रमाणेंच साह्य करितें. हा गंज ब्रेकच्या तेलाच्या बारीक नळीस लागला, तर प्रश्न शोभेचा राहत नाहीं. उतारावर नळी फुटली असतां काय होईल, तें सांगावयास नको.

पुष्कळ बंधु इंजिनाचें जळकें तेल आणून खालीं फासतात. फुकट मिळतें, एवढाच त्याचा गुण. त्यानें रबरी बुश फुगतात, धूळ चिकटते, आणि ठिबकलेलें तेल अखेर आपल्याच शेतांत जातें. डांबरी लेप नव्या, कोऱ्या पत्र्यावर चांगला. जुन्या गंजावर चढविला कीं तो कालांतरानें तडकतो, भेगेंत पाणी शिरतें, व लेपाआड चाललेला नाश दिसतही नाहीं. आमच्या मतें जुन्या गाडीस तो देऊंच नये. दुकानांतील चकचकीत बाटल्यांत मिळणारें पाणीमिश्रित ड्रेसिंग कमानींतील प्लास्टिकच्या अस्तरास काळी झळाळी देतें. लोखंडाचें रक्षण त्याच्या आवांक्याबाहेरचें आहे.

उरतात मेणाचे व लॅनोलिनचे लेप. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरींतील स्निग्ध द्रव्य. धनगराच्या कळपाचा पावसांत बचाव करितें तेंच. हे लेप मऊ राहतात, सांध्यांत झिरपतात, आणि चिरले तरी पत्र्यापासून सुटून येत नाहींत. चिखलाच्या माऱ्यानें ते धुपतात खरे, म्हणून दरसाल पुन्हां द्यावे लागतात. बैलगाडीस ओंगण घालणारास ही कांहीं नवी गोष्ट नव्हे.

काम मे महिन्यांत, मृगापूर्वीं करावें. प्रथम कमानींतील अस्तर काढून आंतील माती धुवावी, पाणी निघण्याचीं भोंकें तारेनें मोकळीं करावीं, आणि गाडी दोन दिवस कडक उन्हांत ठेवावी. ओल्या लोखंडावर लेप देणें म्हणजे ओल कोंडून ठेवणें. सुटा गंज तारेच्या ब्रशानें खरवडून त्यावर प्राइमर लावावा, मग लेप द्यावा. ब्रेकच्या थाळ्या, ड्रम, सायलेन्सर व रबरी भाग झांकून घ्यावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. भक्कम घोडे लावावे.

दिवाळीनंतर वाटा सुकल्या कीं पेचकसानें चौकटीचे सांधे ठोकून पाहावे. टोंक आंत गेलें, तर लेप नव्हे, वेल्डिंग करणारा शोधावा.