एका वेळी दोन बिघाड

नांदेडहून भाच्याचा फोन आला. "मामा, नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. पंखे फिरतात, पण मॉनिटरवर काहीच येत नाही. दुकानवाले म्हणतात, मदरबोर्ड बदलावा लागेल." शिकवण्या घेऊन त्याने वर्षभर कार्डाचे पैसे साठवले होते. आता मदरबोर्डसाठी कुठून आणणार? रविवारी मी लातूरहून नांदेडला जाणारच होतो. संगणकातले मला बेताचेच कळते. पण तक्रार सांगता न येणाऱ्या रुग्णाला कसे तपासायचे, हे सरकारी दवाखान्यात शिकायला मिळते.

पहिला प्रश्न ओपीडीतलाच विचारला, "आधी ठीक होतं ना? मग बदललं काय काय?" कार्ड बदलले होते आणि केबलही. पूर्वी मदरबोर्डला व्हीजीए केबल होती. नव्या कार्डाला व्हीजीएची जागाच नाही, म्हणून त्याने एचडीएमआय केबल आणली होती.

संगणक बंद केला, प्लग काढला. अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला आणि कार्ड बाहेर काढले. जुनी केबल जुन्या जागी लावून संगणक सुरू केला. चित्र आले! म्हणजे मॉनिटर, रॅम, मदरबोर्ड धडधाकट.

कार्ड परत बसवताना त्याच्या कडेचे आठ पिनांचे सॉकेट रिकामे दिसले. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर द्यावी लागते. आठ पिनांची वायर 150 वॅटपर्यंत देते.

"ती लावून पाहिली होती, मामा. फरक पडला नाही म्हणून काढली."

मग मॉनिटरचा मेनू उघडला. इनपुट अजून व्हीजीएवरच होते. "तेही बदलून पाहिलं होतं. काही झालं नाही, म्हणून पुन्हा होतं तसं केलं."

दोन्ही उपाय बरोबर होते, पण त्याने ते एकेक करून पाहिले होते. वायर होती तेव्हा इनपुट चुकीचे होते. इनपुट बरोबर केले तेव्हा वायर नव्हती. दोन्ही एकत्र केले आणि पडदा उजळला.

चहा घेऊन आलेली ताई हे ऐकत होती. म्हणाली, "माझ्या लोहाच्या गोळ्यांचंही असंच असेल का रे? दोन महिने घेतल्या, थकवा काही जाईना. दिल्या सोडून."

तिचे जुने रिपोर्ट पाहिले. हिमोग्लोबिन 8.6, तिच्या वयाच्या बाईला ते 12 तरी हवे. तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान मात्र नॉर्मल होते. इथेच फसगत होते. लोह कमी असले की पेशी लहान होतात, बी-12 कमी असले की मोठ्या. दोन्ही कमी असतील तर सरासरी मधेच येते आणि रिपोर्ट निर्धास्त दिसतो. ताई पूर्ण शाकाहारी. बी-12 प्रामुख्याने दूध, अंडी, मांस-मासे यांतून मिळते. त्यात ती गोळी चहाबरोबर घेत होती, आणि चहा लोहाचे शोषण कमी करतो. फेरीटिन आणि बी-12 तपासायला सांगितले. दोन्ही कमी निघाले.

अशक्तपणात रक्त कुठून जाते आहे, हेही विचारावे लागते. पाळीत जास्त रक्तस्राव, मूळव्याध, पोटातील जखम अशी कारणे राहून गेली तर नुसत्या गोळ्या पुरत नाहीत.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे : औषधाने फरक पडला नाही तर ते मनाने बंद करू नका, वाढवूही नका. डॉक्टरांकडे परत जा. काय घेतले, किती दिवस, कशाबरोबर, हे लिहून न्या. जुने रिपोर्ट सोबत ठेवा. औषध बरोबर असूनही दुसरी उणीव तशीच राहिलेली असू शकते.

ताईने दोन्ही औषधे सुरू केली. चहा आणि गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.4 झाले. गोळ्या अजून चालू आहेत. शरीरातला लोहाचा साठा भरून निघायला आणखी काही महिने लागतील. त्या सोडू नयेत, याकडे आता भाचा लक्ष ठेवतो.